सूर्यमालेतली अंतरं नक्की कशात मोजायची? पोरीचं उत्तर चूक धरलंय, मला पटंना

निपाणीकर_बाबा

मंडळी नमस्कार. एक विचारायचं हाय, जरा लांबण लागंल पण वाचा. माझी पोरगी नववीला हाय, मराठी मीडियम. गेल्या रविवारी एका सामान्यज्ञान स्पर्धेला घेऊन गेलतो. तिथं प्रश्न आला, सूर्यमालेतल्या ग्रहांची अंतरं सांगायला सोयीचं एकक कोणतं, खाली चार पर्याय, किलोमीटर, प्रकाशवर्ष, खगोलीय एकक आणि नॉटिकल मैल. पोरीनं खगोलीय एककावर खूण केली. निकालाच्या वेळी उत्तरं वाचून दाखवली तर त्यांचं उत्तर प्रकाशवर्ष. दोन मार्कं गेली आणि त्या दोन मार्कांनी पहिला नंबर गेला. तिनं उठून विचारलं पण, तर म्हणाले बाळ, अवकाशातलं सगळं प्रकाशवर्षातच मोजत्यात, बस खाली. येताना बसमधनं निपाणी येईस्तोवर पोरगी एक शब्द बोलली न्हाई, खिडकीतनं बाहेर बघत बसली.

मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, मला यातलं फारसं कळत न्हाई. पण पोरगी एवढी ठामपणे सांगायली म्हणजे काहीतरी असणार. मेव्हण्याचं पोरगं कन्नड मीडियमला हाय, ते प्रकाशवर्षाला ज्योतिर्वर्ष म्हणतंय, त्याचं पण म्हणणं हेच की ज्योतिर्वर्ष मोठं म्हणून तेच बरोबर.

मला वाटतं ते असं. आमची थोडी जमीन हिकडं हाय, थोडी पलीकडं कागल तालुक्यात. हिकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे आणि तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. रान तेच, माती तीच, नुसता कागद बदलला की आकडा बदलतो. मग हे खगोलीय एकक म्हणजे तसलंच काय? किलोमीटर असताना आणखी एक नवीन काढायची गरज काय पडली? आणि सूर्यापतोर कोण टेप घेऊन गेलतं, हे अंतर मोजलं कसं? कुणी जाणकार असंल तर नीट सांगा, मी पोरीला तसंच्या तसं वाचून दाखवणार हाय.

टिळकवाडी_७७

माझं मत सांगतो, किलोमीटर पुरं हाय. सूर्य १५ कोटी किलोमीटर, झालं की. तिकडच्या लोकांना मिलियन-बिलियनमध्ये गोंधळ होतो म्हणून त्यांनी नवीन एकक काढलं असणार, आपल्याकडं लाख, कोटी, अब्ज, खर्व सगळं हाय. नेपच्यून ४५० कोटी किलोमीटर, म्हणायला काय अडचण हाय? पोराटोरांना उगंच नवीन नावं पाठ करायला लावत्यात. बाकी स्पर्धेवाल्यांचं उत्तर चूक हाय एवढं मला पण वाटतंय, प्रकाशवर्ष तिथं बसत न्हाई.

खानापूरच्या_बाई

निपाणीकर, आधी लेकीला जवळ बसवा आणि सांगा की तिचं उत्तर बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. मी वीस वर्षं खानापूर तालुक्यात विज्ञान शिकवते आहे आणि हा घोळ मी दरवर्षी बघते, प्रकाशवर्ष हा शब्द एवढा कानावर पडलेला असतो की आकाशातलं काहीही विचारलं की मुलं तेच लिहितात, आता मोठी माणसंही लिहायला लागली की मुलांनी बघायचं कुणाकडं.

आकडाच बघा ना. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढं, साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. (नावात वर्ष आहे म्हणून तो काळ नव्हे, ज्योतिर्वर्ष म्हणा नाहीतर प्रकाशवर्ष म्हणा, ते अंतरच आहे.) आता सूर्य ते पृथ्वी हे अंतर प्रकाशवर्षात लिहायचं झालं तर ०.००००१५८. सगळ्यात लांबचा नेपच्यून घेतला तरी ०.०००४७५. म्हणजे बेळगावच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी टनात तोलायला सांगितल्यासारखं आहे. चूक नाही म्हणता येणार, पण सोयीचं कोण म्हणेल? आणि प्रश्नात तर सोयीचंच विचारलं होतं.

खगोलीय एकक म्हणजे ढोबळमानानं पृथ्वी ते सूर्य अंतर. ते १ धरलं की बुध ०.३९, शुक्र ०.७२, मंगळ १.५, गुरू ५.२, शनी ९.५, युरेनस १९, नेपच्यून ३०. बघा किती सुटसुटीत, तोंडपाठ होतात.

आमच्या शाळेत मी हे मैदानावर करून घेते. १ खगोलीय एकक बरोबर १ मीटर. मग सूर्य होतो ९ मिलिमीटरचा, काबुली हरभऱ्याचा एक दाणा. तो झेंड्याच्या खांबाजवळ विटेवर ठेवायचा. एक मीटरवर पृथ्वी, पण ती दाखवायला काही ठेवताच येत नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान, पिठाचा एक कण म्हणा. चंद्र त्या कणापासून अडीच मिलिमीटरवर. सगळी माणसं आजवर चंद्राच्या पलीकडच्या बाजूपर्यंतच जाऊन आलीत, म्हणजे त्या अडीच मिलिमीटरच्या जरा पुढं. गुरू पाच मीटर वीस सेंटिमीटरवर, राजगिऱ्याचा एक दाणा. नेपच्यून तीस मीटर. पहिल्या वर्षी आमच्याकडं नेपच्यूनला उभा राहिलेला मुलगा तिथनं ओरडला, बाई हरभरा दिसत नाही हो, आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली. मला तो क्षण अजून आठवतो.

मग मी विचारते, आता सूर्याच्या सगळ्यात जवळचा दुसरा तारा, दुसरा हरभरा, कुठं ठेवायचा? कुणी म्हणतं गेटजवळ, कुणी म्हणतं बसस्टॉपवर. तो तारा ४.२४ प्रकाशवर्षं लांब आहे, आपल्या मापानं २६८ किलोमीटर. बेळगावपासून हायवेनं निघालं तर निपाणी गेलं, कोल्हापूर गेलं, कराड, सातारा गेलं, आणि खंबाटकी घाटाच्या आसपास कुठंतरी तो दुसरा हरभरा. मधे सगळं मोकळं. तर प्रकाशवर्ष हे खंबाटकीला जायचं माप आहे, शाळेच्या मैदानावरचं नव्हे.

टिळकवाडी, तुमचं किलोमीटरचं म्हणणं मी मान्य करते की लाख-कोटीमुळं आपल्याला मोठे आकडे जड जात नाहीत. पण खगोलीय एकक आकडे छोटे करायला काढलं असं नाही. किलोमीटर माहीत नव्हता तेव्हापासून ते आहे. ते चिकोडीचे मोजणीकाका सांगतील, ते इथं असतात ना?

मोजणीदार_चिकोडी

आहे हो बाई, वाचायलोय. निपाणीकर, तुम्ही उताऱ्याचं उदाहरण दिलंत आणि मला राहवंना, कारण माझा जन्म त्यातच गेला. भूमापनात ३१ वर्षं काढली. एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यात नुसता कागद बदलतो हे तुमचं खरं आहे, पण खगोलीय एककाची गोष्ट जरा वेगळी आहे. ते आमच्या साखळीसारखं आहे.

जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असायची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आता समजा एखाद्या माणसाकडं गावाचा नकाशा आहे आणि त्यावर सगळं साखळीत लिहिलंय, विहिरीपासून बांध सात साखळ्या, बांधापासून ओढा बारा साखळ्या. सगळं एकमेकाच्या प्रमाणात अगदी बरोबर. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नाही, ती साखळी किती फुटांची. सूर्यमालेचं शेकडो वर्षं असंच होतं.

केप्लर म्हणून जर्मन गणिती होऊन गेला, त्यानं १६१९ साली नियम छापला, ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला जितकी वर्षं लागतात त्याचा वर्ग म्हणजे त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराचा घन, अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत घेतलं तर. तुम्ही निपाणीचे, नरसोबावाडी तुम्हाला जवळ. गुरू कन्या राशीत आला की वाडीला कन्यागत असतं, बारा वर्षांनी एकदा, मागचं २०१६ ला झालं. त्या वर्षी मी घरच्यांना घेऊन गेलतो, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ते बारा वर्षांनी का येतं, तर गुरूची सूर्याभोवतीची फेरी जवळजवळ बारा वर्षांची आहे, काटेकोर म्हटलं तर ११.८६. आता बाराचा वर्ग १४४. कशाचा घन १४४ येतो? पाचाचा १२५, सव्वापाचाचा १४४.७. म्हणजे गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या सव्वापाच पट लांब. बाईंनी वर ५.२ लिहिलंय ते हेच. दुर्बीण नको, काही नको, पंचांग आणि कृष्णेचा घाट एवढ्यावर गुरूचं अंतर निघालं! पण ते निघालं साखळीत. किलोमीटर किती ते पंचांगातनं निघत नाही.

आपल्या जुन्या ज्योतिषांनी योजनात आकडे दिलेत तेही बघण्यासारखं आहे. सूर्यसिद्धांतात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं आणि सूर्याची ४३,३१,५०० योजनं. भागून बघा, १३.३७ पट. वर्षाच्या दिवसांना चंद्राच्या फेरीच्या २७.३ दिवसांनी भागलं तरी तोच आकडा येतो, म्हणजे सगळे ग्रह आकाशात सारख्याच वेगानं चालतात असं धरून ते काढलेलं आहे. गणित चोख, गृहीत चुकलं. खरं बघता सूर्य चंद्राच्या साधारण ३८९ पट लांब आहे. मला त्या लोकांबद्दल आदरच वाटतो, हातात साधन नसताना त्यांनी साखळी टाकायचा प्रयत्न तरी केला.

आता साखळीची लांबी मोजली कशी. आम्ही नदीपलीकडचं झाड मोजायला काय करतो, अलीकडच्या काठावर पायारेषा आखतो, तिची लांबी मोजतो, दोन्ही टोकांवरनं झाडाचा कोन घेतो, त्रिकोण सुटला की नदी ओलांडायची गरज नाही. १६७२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला तेव्हा पॅरिसमध्ये कासिनी आणि दक्षिण अमेरिकेत कायेनला रिशे, दोघा खगोलशास्त्रज्ञांनी एकाच काळात मंगळाची जागा टिपली. पायारेषा म्हणजे पॅरिस ते कायेन. मंगळ किती साखळ्या लांब ते माहीत होतंच, त्यावरनं सूर्याचं अंतर १४ कोटी किलोमीटरच्या आसपास आलं. त्या काळाच्या मानानं मोठीच गोष्ट.

पुढं हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सुचवलं की शुक्र सूर्यबिंबावरनं सरकतो तेव्हा पृथ्वीवर लांब लांबच्या ठिकाणांहून वेळा टिपा. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांहून शुक्राची रेघ सूर्यावर किंचित वर-खाली दिसते, तेवढ्यावरनं त्रिकोण सुटतो. १७६१ आणि १७६९ ला तशी अधिक्रमणं झाली, जगभर माणसं पाठवली. त्यातला एक ले जांतिल, फ्रान्सहून पुद्दुचेरीला निघाला. पोचायच्या आत पुद्दुचेरी इंग्रजांनी घेतली, १७६१ चं अधिक्रमण त्यानं हलत्या जहाजावरनं बघितलं, कामाचं मोजमाप काही हाती लागलं नाही. पुढच्यासाठी आठ वर्षं पूर्वेकडंच राहिला. १७६९ च्या जूनमध्ये पुद्दुचेरीला सगळी तयारी करून बसला आणि नेमकं सकाळी ढग आले. अकरा वर्षांनी घरी पोचला तर तो मेला असं समजून वारसांनी जमीनजुमल्याच्या वाटणीला सुरुवात केलेली. वारसाच्या नोंदी आयुष्यभर बघितल्यामुळं मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

त्या दोन अधिक्रमणांच्या सगळ्या आकड्यांवरनं लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १७७१ ला १५.३ कोटी किलोमीटर काढलं. आज आपण १४.९६ म्हणतो. शंभरात दोन-सव्वादोनचा फरक, म्हणजे पन्नास फुटाच्या बांधाला एक फूट. मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत याहून वाईट मोजण्या बघितल्यात.

६ जून २०१२ ला शुक्राचं अधिक्रमण होतं ते मी स्वतः बघितलं. पहाटेपासून गच्चीवर बसलो, वेल्डिंगची १४ नंबरची काच घेऊन, मान्सूनचे ढग भरलेले. साडेआठच्या सुमाराला दहा मिनिटं उघडलं. सूर्याच्या कडेजवळ मोहरीएवढा काळा ठिपका. हाच तो ठिपका ज्याच्यासाठी ते लोक समुद्र ओलांडून आले, हे मनात आलं आणि डोळ्यात पाणी आलं. आता पुढचं डिसेंबर २११७ ला.

त्या १४ नंबरच्या काचेशिवाय कुणीही सूर्याकडं बघू नका, लेकीलाही सांगा.

टिळकवाडी_७७

काका, हे साखळीचं मला पटलं. किलोमीटरच्या आधी प्रमाण माहीत होतं हे मला ठाऊक नव्हतं, मी वरचं म्हणणं मागं घेतो. पण एक शंका हाय. पृथ्वीची कक्षा लंबगोल हाय नव्हं? मग सूर्यापासून कधी जवळ कधी लांब, मग १ एकक म्हणजे नक्की कुठल्या दिवसाचं अंतर?

मोजणीदार_चिकोडी

चांगली शंका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, १४.७१ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, १५.२१ कोटी. म्हणजे पन्नास लाख किलोमीटर हिकडं तिकडं. (उन्हाळ्या-हिवाळ्याचा याच्याशी संबंध नाही, तो आस कलल्यामुळं.) तर कुठल्याच एका दिवसाचं नाही.

साखळीचंच परत सांगतो. साखळी वापरून वापरून ताणते, कड्या झिजतात, म्हणून अधनंमधनं प्रमाण लांबीला लावून बघायची. खगोलीय एककाचं तसंच चालू होतं. त्याची व्याख्या सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला बांधलेली होती, आणि मीटरमध्ये ते किती हे दरवेळी मोजून काढावं लागायचं, मोजणी सुधारली की आकडा थोडा हलायचा. १९६१ ला रडारनं शुक्राला हाक मारली, रेडिओ लहर पाठवली, शुक्रावर आपटून परत आली. शुक्र अगदी जवळ असतो तेव्हा ४ कोटी किलोमीटरच्या जरा वर, जाऊन येऊन साडेचार मिनिटं. शुक्राचं अंतर साखळीत माहीत, आता ते किलोमीटरमध्येही कळलं, की साखळीची लांबी हातात आली. सूर्यावरच रडार का नाही मारलं असं लेक विचारेल, तर सूर्याला टणक पृष्ठभाग नाही आणि तो स्वतःच रेडिओ लहरींचा गोंगाट करतो.

आणि मग ऑगस्ट २०१२ मध्ये बीजिंगला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची सभा भरली, तिथं ठराव झाला की आता मोजायचं बंद, खगोलीय एकक म्हणजे १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, नेमकं. एक मीटर कमी नाही, एक मीटर जास्त नाही. सूर्य प्रकाश देता देता वस्तुमान गमावतो, जुनी व्याख्या धरली असती तर हळूहळू एककही बदललं असतं, ते आता होणार नाही. ३३ फूट ती ३३ फूट. लिहिताना त्याची खूण इंग्रजी लहान ए आणि यू, हेही त्याच ठरावात ठरलं.

बेंगळुरातला_बेळगावकर

उशिरा आलो. मोजणीकाका तुमचं वाचून मजा आली, मी इथं एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काम करतोय, मूळ गाव हिंडलगा. एक गोष्ट राहिली, ती म्हणजे वेळ.

आपल्याकडं कुणी विचारलं गोवा किती लांब, तर आपण किलोमीटर सांगत न्हाई, म्हणतो चोर्ल्यानं गेलं तर तीन-साडेतीन तास. अंतराळयान चालवणाऱ्यांचं असंच असतंय. त्यांच्या कामाचा प्रश्न हा की मी आता निरोप पाठवला तर तो यानाला कधी मिळणार. त्यासाठी प्रकाश-सेकंद, प्रकाश-मिनिट. १ प्रकाश-मिनिट म्हणजे १.८ कोटी किलोमीटर, आणि १ खगोलीय एकक म्हणजे ८ मिनिटं १९ सेकंद. चंद्र १.३ सेकंद. नेपच्यून ४ तास १० मिनिटं.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाजवळ पोचलं तेव्हा ते आपल्यापासून साडेबारा मिनिटं लांब होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीनं बसलेलो. यानाचं इंजिन २४ मिनिटं चालायचं होतं, म्हणजे इंजिन सुरू झालं हे इथं कळेपर्यंत तिथं अर्धं काम झालेलं असणार, इथनं काही सांगून उपयोगच न्हाई, सगळ्या सूचना आधीच भरून ठेवलेल्या. शिवाय मधे यान मंगळाच्या आड गेलं, तेवढा वेळ काहीच न्हाई. साडेबारा मिनिटं काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. २२ कोटी किलोमीटर हा आकडा ऐकून तसं काही झालं नव्हतं.

हितनं जवळच ब्यालाळू गावाजवळ इस्रोची ३२ मीटरची मोठी डिश हाय, लांबच्या यानांशी बोलायची. अंतर मोजायचं कामही तिथनंच, लहर पाठवायची, यान ती परत पाठवतंय, मधला वेळ मोजायचा, प्रकाशाच्या वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं. म्हणजे आज मुळात मोजलं जातंय ते घड्याळानं, किलोमीटर त्यातनं निघतोय आणि एकक त्याच्याही नंतर.

आदित्य एल-१ चं, म्हणजे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या यानाचं पण सांगतो कारण तेव्हा गावाकडनं फोन आलते, आपलं यान सूर्यावर पोचलं म्हणून. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर हाय, म्हणजे ०.०१ खगोलीय एकक, पाच प्रकाश-सेकंद. सूर्याच्या वाटेवर शंभरातला एक भाग. बाईंच्या मैदानावर पृथ्वीच्या कणापासून एक सेंटिमीटर. एकक बरोबर असलं की बातमी कळते, मला एवढंच म्हणायचंय.

आणि व्हॉयेजर १. सप्टेंबर १९७७ ला सुटलंय, माणसानं बनवलेलं सगळ्यात लांब गेलेलं यान. वर्षाला साडेतीन खगोलीय एककांच्या जरा वर पळतंय. २०२६ च्या नोव्हेंबरात ते पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस अंतरावर जातंय, १७३ एकक. ४९ वर्षं पळून एक प्रकाश-दिवस! एक प्रकाशवर्ष व्हायला त्याला साडेसतरा हजारांहून जास्त वर्षं लागतील. निपाणीकर, स्पर्धेवाल्यांना एवढं एकच दाखवा.

लघुग्रह पृथ्वीजवळनं जातात तेव्हा मात्र चंद्राचं अंतर, ३,८४,४०० किलोमीटर, हे एक धरत्यात. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस जाणार हाय, जमिनीपासून ३२,००० किलोमीटरवरनं, म्हणजे चंद्राच्या अंतराचा बारावा भाग. आपल्याला धोका न्हाई, पण तिथं खगोलीय एकक घेतलं तर परत शून्यच शून्य.

खानापूरच्या_बाई

बेळगावकर, सेंटिमीटरचं मी आता शाळेत सांगणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निपाणीकर, स्पर्धेच्या आयोजकांना एक अर्ज द्या. भांडायचं नाही. साध्या भाषेत लिहा, प्रश्नात सूर्यमाला आणि सोयीचं हे दोन शब्द आहेत, पृथ्वीचं आणि नेपच्यूनचं अंतर दोन्ही एककांत लिहून खाली द्या, ०.००००१५८ आणि १, ०.०००४७५ आणि ३०. आकडे शेजारी शेजारी दिसले की कुणीही मानेल. नंबर मिळेल न मिळेल, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं बरोबर उत्तर कापलं जाऊ नये. आणि अर्ज लेकीला स्वतःच्या अक्षरात लिहू दे, खाली सही तुमची.

निपाणीकर_बाबा

मंडळी, काय बोलू. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचलं, आई पण ऐकत बसलेली. कन्यागताचं आलं तिथं पोरीनं मला थांबवलं आणि वही काढली. म्हणाली शनीचं मी काढते. आज्जीला विचारलं शनी एका राशीत किती वर्षं असतो, आई म्हणाली अडीच, म्हणून तर तीन राशींची साडेसाती. बारा राशी गुणिले अडीच म्हणजे तीस वर्षं. तिसाचा वर्ग ९००. मग मोबाईलवर खटाखट करून म्हणाली ९.६५, बाईंनी साडेनऊ लिहिलंय, आलं की जवळ. आईला साडेसातीतनं शनीचं अंतर निघतंय याचंच नवल, दोनदा विचारलं, खरं काय गं म्हणून.

अर्ज लिहिलाय, तिच्याच अक्षरात, उद्या देतोय. रविवारी रानात हरभऱ्याचा प्रयोग करायचा म्हणत्यात, मेव्हण्याचं पोरगं पण येणार हाय. काका, तुमच्याकडं लांब टेप असंल तर एक दिवस मिळंल काय?

आणि एक तिचा प्रश्न, तिनंच टाईप करायला लावलाय. चंद्राला तिनं तोच नियम लावला. २७.३ दिवस म्हणजे ०.०७४८ वर्षं, वर्ग ०.००५६, आणि अंतर आलं ०.१८ एकक, म्हणजे पावणेतीन कोटी किलोमीटरच्या आसपास. चंद्र तर चार लाखाच्या आत हाय. कुठं चुकलं म्हणून रात्री अकरापतोर बसलेली.

मोजणीदार_चिकोडी

पोरीला म्हणावं गणित चुकलं नाही, मालक चुकला. ती साखळी सूर्याभोवती फिरणाऱ्यांची आहे, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. पृथ्वीचं वस्तुमान सूर्याच्या ३,३३,००० पट कमी. म्हणून ०.००५६ ला आधी ३,३३,००० नं भागायचं आणि मगच घनमूळ काढायचं.

टेप आहे, स्टीलची, ३० मीटर. शनिवारी एसटीनं पाठवतो, नाहीतर मीच येतो. नेपच्यून ३०.०७ आहे, टेप संपली की सात सेंटिमीटर पुढं खुंटी मारा.

निपाणीकर_बाबा

तुम्हीच या काका, जेवायलाच या. आत्ता भागलं तिनं. ०.००२५६ आलं, म्हणजे ३ लाख ८३ हजार किलोमीटर. वही घेऊन आज्जीला दाखवायला पळाली.